घाटात पिकअपने दम सोडला आणि मी डिझेलचा इतिहास काढून बसलो



आज पिकाबद्दल नाही, पिकअपबद्दल लिहितो. पण शेवटी गोष्ट शेतातच येऊन थांबते, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

जूनचा शेवटचा आठवडा. उन्हाळी टोमॅटोचा शेवटचा चांगला तोडा. 70 कॅरेट भरून संगमनेरहून नारायणगावला निघालो. चंदनापुरीचा घाट लागला आणि गाडीने दम सोडला. सपाटीला अगदी गुणी पोरासारखी चालत होती. चढाला ॲक्सिलरेटर खाली टेकवला की पुढं जायच्याऐवजी कुणीतरी मागून दोर धरून ओढल्यासारखी व्हायची. तिसरा, मग दुसरा, मग पहिला. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन शिव्या घालत होते. शेवटी कडेला घेतली, पाच-सात मिनिटं बंद ठेवली, परत सुरू केली, तर गाडी ठणठणीत! दोन किलोमीटर गेलो आणि परत तेच. बाजारात पोचलो तेव्हा लिलाव उरकत आला होता. ज्या भावात माल गेला तो आकडा लिहीत नाही, तोडणीची मजुरी आणि डिझेल निघालं एवढंच समजा.

पुढच्या आठ दिवसांत तीन मिस्त्री झाले. एक म्हणाला टर्बो गेला. दुसऱ्याने स्कॅनर लावला, तर पी 0087 हा कोड आला, म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. तो म्हणाला, हाय प्रेशर पंप बदला, 35 हजाराच्या खाली येणार नाही. तिसऱ्याने फक्त डिझेल फिल्टर बदलला आणि गाडी सुधारली. मी खूश. तिसऱ्या दिवशी परत घाटात तोच तमाशा.

आमचे नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांना स्कॅनर माहीत नाही. ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "थांबल्यावर बरी होती ना रे? मग पंप नाही गेलेला. गेलेला पंप इसावा घेऊन बरा होत नाही. खाली काहीतरी येऊन बसतंय, अन् इंजिन बंद केलं की सुटतंय."

हे बोलणं मला रात्रभर छळत राहिलं. नानांना हे कसं कळलं, याचं उत्तर शोधायला गेलो तर थेट जर्मनीत पोचलो.

रुडॉल्फ डिझेल हा माणूस 1858 साली पॅरिसमध्ये जन्मला. त्याची कल्पना अशी की हवा एवढी दाबायची की ती आपोआप तापेल, आणि त्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय पेट घेईल. कागदावर सोपं. ऑग्सबर्गच्या कारखान्यात 1893 साली पहिली चाचणी घेतली तेव्हा इंजिनावर बसवलेलं दाब मोजायचं यंत्रच फुटून उडालं. चालणारं इंजिन यायला 1897 उजाडलं. ते इंधनातली 26 टक्के ताकद कामाला लावत होतं. त्या काळातली वाफेची इंजिनं याच्या जवळपासही नव्हती.

त्याचं इंजिन सुरुवातीपासून सगळं पचवेल अशी त्याची आशा होती. कोळशाची भुकटीही वापरता येईल असं त्यानं पेटंटमध्ये मांडलं होतं. ते जमलं नाही. पण 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे मात्र खरं आहे. भुईमूग लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असा प्रसंग!

खरी अडचण मात्र वेगळीच होती. 30-40 पट दाबलेल्या हवेत इंधन घालायचं कसं? आत जो दाब आहे त्याहून जास्त दाबाने ढकललं तरच ते आत जाणार. डिझेलने त्यासाठी वेगळा हवेचा कॉम्प्रेसर बसवला, त्या हवेच्या फुंकरीने इंधन आत जायचं. त्यामुळे इंजिन एवढं अवजड झालं की कारखाना, वीजघर, जहाज इथंच ते शोभायचं. ट्रॅक्टर-ट्रकात बसायचा प्रश्नच नव्हता. स्वतः डिझेल 1913 साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला, पुढं समुद्रात त्याचं प्रेत मिळालं. आपलं इंजिन शेतात उतरलेलं त्याने पाहिलंच नाही.

ते इंजिन शेतात उतरवलं पंपाने. 1920 च्या दशकात जर्मनीत बेंझ-सेंडलिंगचा डिझेल ट्रॅक्टर आला, पाठोपाठ डिझेल ट्रक आले. पण चांगला पंप करणं ही मोठी कसबाची गोष्ट होती. रॉबर्ट बॉश तेव्हा मॅग्नेटोसाठी प्रसिद्ध होता. त्याने 1922 साली ठरवलं की डिझेलचा पंप आपण करायचा, आणि 1927 पासून तो कारखान्यातून नियमित बाहेर पडायला लागला. एक बारीक दट्ट्या आणि त्याची नळी. दोघांतली फट माणसाच्या केसाच्या कितीतरी वाट्यांनी कमी. आत रबरी वायसर नाही, काही नाही. धातूला धातू इतका नेमका घासून बसवलेला की डिझेल स्वतःच वंगणाचं काम करतं.

आता इथं थांबून विचार करा. ज्या यंत्राचं वंगण डिझेलच आहे, त्याच्या डिझेलात पाणी किंवा माती आली तर काय होईल? त्या वर्षापासून आजपर्यंत डिझेल इंजिनाच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ इथंच आहे, असं माझं आपलं मत. इंजिन जितकं सुधारत गेलं तितकं ते घाणीला नाजूक होत गेलं.

आपल्याकडे हे इंजिन विहिरीवरून आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, तिथून नांगर आणि पंप निघाले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 ची, खडकीची. बेंगळुरूला 1951 साली मायको सुरू झाली, तिथं बॉशच्या तंत्राने पंप आणि नोझल बनायला लागले. पुढं नाशिकलाही तिचा कारखाना आला. नाशिकचा मायको सर्कल सगळ्यांना माहीत आहे, पण ते नाव डिझेलच्या नोझलशी जोडलेलं आहे हे किती जणांच्या लक्षात आहे? आपल्या विहिरीवर जे पाणी चढलं त्यात त्या बारीक नोझलचा वाटा आहे.

आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं 5 हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. वीज आली तरी बरीच वर्षं ते तिथंच होतं, कारण वीज यायची रात्री दोनला. नाना त्याचे मालकही आणि मिस्त्रीही. डिझेल पंप गावापासून लांब, म्हणून 200 लिटरचा ड्रम भरून आणायचा. ड्रमचे त्यांचे नियम देवाच्या सोवळ्यासारखे कडक होते. आणलेला ड्रम एक रात्र हलवायचा नाही. काढताना खालचं चार बोटं डिझेल काढायचं नाही. चाडीवर धोतराचा जुना तुकडा. तळाचं वर्षातून एकदा काढून त्यात कुळवाचे लोखंडी भाग बुडवून ठेवायचे, गंज सुटायला. मला लहानपणी हा सगळा म्हाताऱ्याचा नाद वाटायचा.

इंजिन दम टाकायला लागलं की नाना आधी धुराड्याकडं बघायचे. काळा धूर आणि ताकद कमी, म्हणजे डिझेल भरपूर आहे, हवा कमी पडतेय. हवेचा फिल्टर बघा. धूर नाही आणि ताकदही नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. पांढरा धूर आणि अडखळणं, म्हणजे डिझेलात पाणी आहे नाहीतर इंजिनाने एअर धरली आहे. मग नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करायचा, बुडबुडे संपेपर्यंत हॅन्डल मारायचं, नट आवळायचा. झालं.

(हा नट ढिला करायचा प्रकार आजच्या पिकअपवर चुकूनही करू नका. कारण पुढं सांगतो.)

मला अचंबा याचा वाटला की माझ्या गाडीचाही हाच पुरावा डोळ्यासमोर होता. घाटात आरशात बघितलं होतं मी. धूर नव्हता. ज्याने टर्बो गेला म्हणून सांगितलं त्याने हे विचारलंच नाही, आणि मी सांगितलंही नाही.

टर्बोचंही जरा सांगतो, कारण पिकअप ओढत नाही म्हटलं की पहिला आळ त्याच्यावर येतो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. 1920 च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ते बसवलं, तर त्याच इंजिनांची ताकद 1,750 वरून 2,500 हॉर्सपॉवरवर गेली. आपल्या पिकअपमधला टर्बो म्हणजे त्याच जहाजाचं नातवंड. टर्बो खरंच गेला तर शिट्टीसारखा आवाज येतो, ऑइल खातो, निळा धूर देतो. पण बऱ्याचदा टर्बो चांगला असतो, त्याच्यापासून इंजिनाकडं जाणारा रबरी होज चिरलेला असतो. साधी चालवली तर चीर बंद राहते, जोरात रेस दिली की आतल्या हवेने ती उघडते आणि हवा बाहेर. जुन्या गाडीत अशा वेळी काळा धूर हमखास. नव्या गाड्यांत हवा कमी दिसली की कंप्युटर स्वतःच डिझेल कमी करतो, म्हणजे धुराचा पुरावाही पुसला जातो. म्हणून होज हाताने दाबून, वाकवून बघावा. चिरेजवळ तेलकट ओल असते. माझा होज शाबूत निघाला.

आता कॉमन रेल. 1990 च्या दशकापर्यंत पंप जितक्या दाबाने ढकलेल तितक्या दाबाने नोझल उडायचं. मग एक जाड नळी आली, सतत भयंकर दाबाखाली भरून ठेवलेली, आणि त्यातून कंप्युटरच्या हुकमाने इंजेक्टर क्षणभर उघडतात. जपानमध्ये डेन्सोने हे 1995 साली हिनोच्या ट्रकवर आणलं. इटलीत फियाटच्या लोकांनी काम केलं, ते पुढं बॉशने घेतलं आणि 1997 साली आल्फा रोमिओ 156 या कारमध्ये आलं. त्या पहिल्या पिढीतच दाब 1,350 बारपर्यंत होता. नानांच्या विहिरीवरच्या इंजिनात नोझल 200 बारच्या आसपास उडायचं. दाब जवळजवळ सातपट झाला, भोकं आणखी बारीक झाली. आणि याचसाठी नट ढिला करायचा नाही म्हटलं. एवढ्या दाबाचं डिझेल सुईसारखं कातडीतून आत घुसतं. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आतून बोट सडतं. डिझेल इंजिनाच्या अशा जखमेची हकिगत अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात 1937 सालीच छापून आली होती, म्हणजे दाब आजच्या मानाने कितीतरी कमी होता तेव्हाच.

स्कॅनरचाही इतिहास फार जुना नाही. कॅलिफोर्नियात धुराच्या कायद्यासाठी 1988 पासून गाडीने आपली चूक आपण नोंदवावी असा नियम आला, आणि अमेरिकेत 1996 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एकसारखे कोड आले. पी 0087 हा त्याच वहीतला. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं तेव्हापासून पिकअपमधली इलेक्ट्रॉनिक्स आणखी वाढली, धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टरही आला. तो तुंबला तरी गाडी ओढत नाही. पण माझी गाडी बीएस 4, म्हणून तो भाग सोडतो. मुद्दा असा की यंत्राने मला खोटं सांगितलं नव्हतं. दाब कमी आहे एवढंच ते म्हणालं. का कमी आहे हे त्याला कळत नाही. "पंप बदला" हे मिस्त्री म्हणाला, यंत्र नाही.

मग नानांचं बोलणं धरून हिशोब केला. आमच्या पिकअपसारखं अडीच लिटरचं इंजिन उभ्या जागी तासाला लिटरभरसुद्धा डिझेल जाळत नाही. घाटात भरल्या मालाने पूर्ण दाबलं तर तासाला 12 ते 15 लिटरच्या हिशोबाने पितं. ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल. फिल्टर निम्मा तुंबलेला असताना एकच व्हॉल्व्ह सुरू केला तर गेज ठीक दाखवतो, सगळे व्हॉल्व्ह उघडले की दाब कोसळतो. म्हणून सपाटीला गाडी गुणी आणि चढाला नाठाळ.

शिवाय माझ्या गाडीत टाकीत पंप नाही. इंजिनाजवळचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. ओढण्याची एक सीमा असते, ती विहिरीवाल्यांना कुणी शिकवायला नको. गॅलिलिओने 1638 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की ओढपंप ठराविक उंचीच्या वर पाणी चढवतच नाही. काही वर्षांत त्याच्या शिष्याने, टोरिचेलीने, कारण दाखवलं: पंप ओढत नसतो, बाहेरची हवा ढकलत असते. हवेचा दाब संपला की खेळ संपला. ढकलायला 1,350 बार, ओढायला मात्र एक बारसुद्धा पुरा नाही! म्हणून सगळ्या यंत्रात सर्वात अशक्त जागा टाकीतल्या जाळीपासून पंपापर्यंतची. विहिरीत फूटव्हॉल्व्हच्या जाळीवर (आमच्याकडं त्याला फुटबॉलच म्हणतात) पालापाचोळा येऊन बसतो, मोटर बंद केली की सुटून खाली पडतो, परत सुरू केली की थोडा वेळ पाणी भरपूर येतं. नानांनी आयुष्यभर हेच बघितलेलं. "खाली काहीतरी येऊन बसतंय" याचा अर्थ हा होता.

मग कसोटी घेतली. ती कुणालाही जमेल, फक्त इंजिन थंड असताना आणि आसपास विडी-काडी नको. 10 लिटरचा स्वच्छ कॅन हौद्यात केबिनला पक्का बांधला. पंपाकडे जाणारा टाकीचा पाइप फिल्टरच्या अलीकडे काढला आणि त्या जागी कॅनमधून पारदर्शक पाइप जोडला. पंपाकडून परत येणारा रिटर्न पाइपही कॅनमध्येच सोडला. हे विसरलात तर कॅन बघता बघता रिकामा होईल. एअर काढली, मागं वाळूच्या गोण्या भरल्या आणि परत घाटात गेलो. सोबत फिल्टर बदललेला तो तिसरा मिस्त्री, त्यालाही उत्सुकता लागली होती. चौथ्या गियरवर चढली! पाइपात बुडबुडा नाही, कोड नाही. खाली आलो, टाकीचा पाइप परत जोडला, त्याच गोण्या, तोच घाट. दुसऱ्या वळणाला दम सोडला. टर्बो, पंप, इंजेक्टर, सगळे एका फेरीत निर्दोष सुटले.

टाकी उतरवली. आतल्या जाळीवर काळपट, बुळबुळीत थर, सडलेल्या सायीसारखा. बोटावर घेतला तर ताणला जायचा. आमचे एक कृषिसेवक मित्र आहेत, ते बघून म्हणाले, ही घाण नाही, ही वाढ आहे. डिझेल आणि पाणी जिथं एकमेकांवर टेकतात त्या रेघेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, डिझेल हेच त्यांचं खाद्य. हॉर्मोकोनिस रेझिनी ही त्यातली नामांकित बुरशी. 1950-60 च्या दशकात जेट विमानांच्या टाक्यांत तिने असाच उच्छाद मांडला होता, फिल्टर तुंबवले, टाक्यांचं ॲल्युमिनियम कुरतडलं. पाणी नसेल तर ती वाढत नाही. डाउनीला ओलावा लागतो तसंच हे.

पाणी आलं कुठून? ते शोधायला लांब जावं लागलं नाही. ट्रॅक्टरसाठी मी ड्रम भरून ठेवतो. गेल्या वर्षी शेडचा पत्रा उडाला, ड्रम उघड्यावर उभा राहिला, वरच्या बाजूला पाणी साचायचं आणि सैल बुचातून थेंब थेंब आत झिरपायचं. मेमध्ये पंपावर जायचा कंटाळा म्हणून पिकअपमध्ये दोनदा त्याच ड्रममधलं भरलं. तेही तळापर्यंत पाइप घालून, शेवटचा थेंबसुद्धा सोडायचा नाही म्हणून. चार बोटांचा नियम मीच मोडला होता. नवा फिल्टर टाकल्यावर दोन दिवस बरं का वाटलं, त्याचंही उत्तर मिळालं. जुना फिल्टरही त्याच बुळबुळीने अर्धा भरलेला होता. तो काढल्यावर पंपाला थोडी मोकळीक मिळाली, जाळीवरचा थर वाढला तशी ती परत गेली.

टाकी धुऊन सुकवली, जाळी साफ केली, पाइपांतून हवा मारली, फिल्टर परत नवा टाकला आणि 500 किलोमीटरनंतर आणखी एकदा बदलला, कारण कोपऱ्यात चिकटलेलं थोडंफार सुटून येतंच. सगळा खर्च मजुरीसह 2,800 रुपये. फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू आता दर पंधरा दिवसांनी मी स्वतः सोडतो, खाली काचेची बाटली धरून. पहिल्या दोन वेळा तळाला पाणी दिसलं, नंतर नाही.

ड्रम आडवा करून घडवंचीवर ठेवलाय, मागची बाजू जरा उतरती, नळ पुढच्या बाजूला तळापासून चार बोटं वर. वर पत्रा. नानांनी येऊन काठीने ठोकून बघितला, बूच पिरगळून बघितलं आणि म्हणाले, "धोतर कुठाय?" चाडीला आता बारीक स्टीलची जाळी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी ती उजेडाकडं धरून बराच वेळ बघितली, आणि काही न बोलता परत माझ्या हातात दिली.